फोटोला हात लावू नकोस

नागपुरात महालातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या, आणि खाली लावलेल्या गाड्यांमधून अंग चोरून गाठावा लागणारा जिना. लग्नपत्रिका, वास्तूची कार्डं आणि कधी तोंडही न पाहिलेल्या भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मी करते. त्यावर घर चालतं. पण वर्षातून चारदा मी एका संगीताच्या त्रैमासिकाचं मुखपृष्ठ करते, आणि ते मात्र हौसेनं करते. त्या दिवसांत कोणी 'मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे' म्हणत आलं तर मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवते. माझा स्वभाव असाच तिरसट आहे. घरच्यांनी आता नाद सोडलाय.

त्रैमासिक आमच्या सरांचं. सरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. त्यांना गाता येत नाही, कुठलं वाद्य वाजवता येत नाही, पण मैफलीत त्यांची मान हलली की गाणारा निश्चिंत होतो, असा त्यांचा कान. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, सरांनी अंक काढायला घेतला. आपल्या विदर्भातली गाणारी-वाजवणारी माणसं, ज्यांच्याबद्दल पुण्या-मुंबईकडे कोणी चार ओळी लिहिणार नाही, ती माणसं या अंकात असतात.

सर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा खांद्याला झोळी आणि पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला होत्या. मुखपृष्ठ करता येतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यात काय, तासाभरात देते. दिलंही. मागे सतार, पुढे तानपुरा, कोपऱ्यात मोर, आणि गायिकेचा चेहरा ढगात. शिवाय अक्षरांना सोनेरी कड. सरांनी ते बराच वेळ पाहिलं, हसले नाहीत, आणि म्हणाले, 'चला, जरा फिरून येऊ.' मला वाटलं चहाला नेत आहेत. त्यांनी मला नेलं बसस्टँडजवळच्या मासिकांच्या स्टॉलवर.

तिथे उन्हात उभं करून त्यांनी मला तासभर शिकवलं. मासिकाचं नाव वर का असतं? तर टांगलेल्या मासिकाचं खालचं अर्धं अंग दुसऱ्याच्या मागे जातं म्हणून. फळीवर एकावर एक सरकवून ठेवली की नुसती डावी पट्टी दिसते, म्हणून आत काय आहे ते सांगणाऱ्या कामाच्या ओळी डावीकडे. चेहरा एकच, मोठा, डोळे पानाच्या वरच्या भागात. डोक्याचा शेंडा नावाच्या अक्षरांवर थोडा चढला तर चालतो, उलट माणूस जवळ आल्यासारखा वाटतो, पण अक्षर वाचता आलं पाहिजे. एक ओळ ठळक, बाकी दोन-तीन बारीक. महिना आणि किंमत कोपऱ्यात, शोधली तर सापडेल एवढी. आणि चेहरा बाजूला वळलेला असेल तर उजवीकडे पाहणारा घ्यायचा, कारण पान तिकडून उघडतं. बांधणीकडे तोंड करून बसलेला माणूस आलेल्या पाहुण्याकडे पाठ फिरवल्यासारखा दिसतो, असं सर म्हणाले होते.

मी तेव्हा मनातल्या मनात फणफणत होते. गणिताचा मास्तर मला डिझाइन शिकवतो म्हणजे काय! पण घरी येऊन मी ते नियम लावून मुखपृष्ठ पुन्हा केलं आणि पाहतच राहिले. मोर उडाला, ढग गेले, आणि ती गायिका माझ्याकडे पाहू लागली. तेव्हापासून मी सरांची चेली. आज मला हे नियम इतके अंगवळणी पडलेत की दवाखान्यात ताटकळत बसले तरी समोरच्या जुन्या मासिकावरची किंमत चुकीच्या कोपऱ्यात आहे हेच आधी दिसतं.

सरांची एक रीत आहे, ती मी दुसऱ्या कुठल्याच अंकात पाहिली नाही. मुखपृष्ठाचा पहिला प्रूफ ज्याचा चेहरा असेल त्याच्या हातात द्यायचा. फोनवर पाठवायचा नाही, कागदावर काढून घरी न्यायचा. त्या माणसानं होय म्हटलं की मगच प्रेसला जायचं. एकदा एका शहनाईवाल्या बाबांना दाखवायला सर गडचिरोलीच्या पुढे कुठेतरी गेले होते आणि दोन दिवसांनी परतले. मी चिडले होते. सर म्हणाले, चेहरा त्यांचा आहे, आपण तो उसना आणलाय.

गेल्या हिवाळ्यात सरांनी जाहीर केलं की या वेळी मुखपृष्ठावर तबला वाजवणाऱ्या काकू. अंकाच्या कामाला मदत करणारे तीन-चार जण सरांच्या घरी जमतात, त्यांच्यात कुजबुज झाली. मुखपृष्ठावर गायक असतो, फार तर सतार वाजवणारा. साथ करणारे आतल्या पानात. सर सगळ्यांचं ऐकून घेतात तसं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'चाळीस वर्षं त्या कडेला बसल्या. एकदा मध्ये बसू दे.'

काकू विणकरांच्या घरातल्या. माहेरी हातमाग होता, आता त्या घरात मागावर कोणी बसत नाही. लग्न होऊन भिवापूरला गेल्या. दिवसा मिरचीची देठं तोडायची आणि संध्याकाळी भजनात तबला वाजवायचा, असं सुरू झालं. मग उमरेड, भंडारा, नागपूर. गावोगावच्या कार्यक्रमांना गाणाऱ्या बायका येण्याआधी विचारायच्या, काकू आहेत ना साथीला? मी त्यांना फक्त रेकॉर्डिंगवर ऐकलं होतं. गाणारी कुठे दमली, कुठे शब्द विसरली, हे काकूंना तिच्याआधी कळायचं आणि त्या तेवढीच जागा भरून द्यायच्या, जास्त नाही. एरवी साथ करणारे संधी मिळाली की आपलं घोडं पुढे दामटतात. काकूंचं तसं नव्हतं.

आणि या बाईचा फोटो कुठेच नाही. सरांकडे जुन्या कार्यक्रमांचे ढीगभर फोटो आहेत. मध्ये गायिका, बाजूला पेटीवाला अर्धा, आणि कडेला एक खांदा. तो खांदा काकूंचा. या मुखपृष्ठावर त्या पहिल्यांदा अख्ख्या दिसणार होत्या. दोनदा त्या नाही म्हणाल्या, तिसऱ्यांदा सर समक्ष जाऊन बसले तेव्हा हो म्हणाल्या, पण त्यांनी सरांना एक विचारून घेतलं. फोटोत मी जशी बसते तशीच दिसन ना? सर म्हणाले, तशीच. मला निरोप देताना सरांनी एवढंच सांगितलं, 'फोटोला हात लावू नकोस. आहे तसाच घे.'

फोटो काकूंच्या नातीनं मोबाईलवर काढून पाठवला. काय फोटो होता! अंगणातला उजेड, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढलेला, पुढे तबला-डग्गा, आणि चेहरा जरासा वळवून काकू कुठलातरी बोल मनात म्हणत असाव्यात तशा. त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, नाकात खडा आहे, आणि ओठ किंचित उघडे. एरवी फोटो आला की लोक सांगतात, मॅडम, जरा गोरं करा. इथे मला कशाला बोट लावावंसं वाटलं नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की तबला चुकीच्या बाजूला आहे. उजव्या हाताशी तबला, डाव्याशी डग्गा, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. समोरून पाहणाऱ्याला तबला आपल्या डावीकडे दिसायला हवा. इथे तो उजवीकडे होता. मी लगेच ओळखलं. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून काढलेले फोटो पुष्कळदा आरशातल्यासारखे उलटे येतात. माझ्याकडे रोज येतात, मागची दुकानाची पाटी उलटी असते, शर्टाची बटणं बायकांच्या बाजूला गेलेली असतात, आणि मी ते एका क्लिकमध्ये सरळ करून देते. हाही केला. आणि गंमत म्हणजे फोटो फिरवल्याबरोबर काकूंचा चेहराही डावीकडचा उजवीकडे वळला, पान उघडतं त्या बाजूला. एका दगडात दोन्ही नियम बसले. फोटोला हात लावणं वेगळं आणि चूक दुरुस्त करणं वेगळं, असं मी स्वतःला समजावलं आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी स्वतःला बक्षीस म्हणून समोरच्या गाडीवरून तर्री-पोहे मागवले होते.

त्याच आठवड्यात सरांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन निघालं. धंतोलीतल्या दवाखान्यात मी गेले तर सर पलंगावर पालथे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कितीतरी दिवस पालथंच राहायला सांगितलं होतं. उशीत तोंड खुपसून ते माझ्याशी बोलत होते आणि मी त्यांच्या पाठीला मुखपृष्ठ समजावून सांगत होते. नाव कुठे, ओळी कुठे, डोकं नावावर किती चढलंय. काकू कुठे पाहतात, असं त्यांनी विचारलं. उजवीकडे, सर. ते म्हणाले, बरं. तबला नीट दिसतो ना? अगदी स्पष्ट, मी म्हटलं. मग त्यांनी हात मागे करून हवेतच मला थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाले, या वेळी प्रूफ दाखवायला तू जा.

मी हो म्हटलं. त्यांना एक सांगितलं नाही. प्रकाशनाचा कार्यक्रम चार दिवसांवर आला होता आणि प्रेसवाल्याच्या मशीनवर गर्दी होती, म्हणून मी मुखपृष्ठ आधीच पाठवून छपाईची प्लेट करायला सांगून टाकली होती. प्रूफ दाखवायचं म्हणजे काय, नुसता मान द्यायचा असतो, असं माझं भैताड डोकं मला सांगत होतं.

भिवापूरला उतरले ती शिंकतच. मिरचीचे दिवस होते, हवेतच ठसका होता. पत्ता विचारला तर एकानं दोन वळणं सांगितली, दुसऱ्यानं थेट घरापर्यंत आणून सोडलं. काकू ओसरीत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, शिंका थांबेपर्यंत काही विचारलं नाही. नात कॉलेजात गेली होती. मी थैलीतून जाड कागदावर काढलेला प्रूफ काढला. काकूंनी हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग तो घेतला.

त्यांनी तो फार वेळ पाहिला. मी उगाच बोलत होते, की हे नाव, ही तुमची ओळ, ही किंमत. काकूंनी मान हलवली. चांगलं झालं, लय मेहनत घेतली, असं म्हणाल्या. मग त्यांनी एकदा आपल्या नाकातल्या खड्याला बोट लावलं आणि उठून आत गेल्या. आतून एक पत्र्याची पेटी आणली, तिच्यात प्रूफ ठेवायला झाकण उघडलं. पेटीत वर एक जुना पिवळा कागद होता, कुठल्यातरी गावच्या संमेलनाच्या स्मरणिकेतलं पान. त्यावर तरुण काकूंचा फोटो होता, तबल्यासकट. मला इतका आनंद झाला. म्हटलं, सर म्हणत होते तुमचा फोटोच नाही, हा तर आहे की. काकू म्हणाल्या, आहे तो तसाच आहे.

मला त्याचा अर्थ कळला नाही. मी निघता निघता, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हटलं की मी तुम्हाला समोर कधीच ऐकलं नाही. काकूंनी क्षणभर विचार केला. मग पलंगाखालून तबला-डग्गा ओढला, चटई टाकली, बसल्या, आणि तबला डाव्या हाताशी घेतला.

त्यांनी डग्गा उजवीकडे सरकवला, हातोडीनं तबल्याच्या कडेला दोन ठोके दिले, कान लावला, आणि सुरू झाल्या. मी वाजवणं नीट ऐकू शकत नव्हते, मी तो डावा हात पाहत होते. सत्तरीतली बोटं, मिरचीनं कातडं जाड झालेली, आणि एकेक अक्षर असं सुटं, स्वच्छ पडत होतं की ओसरीतल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या असं मला वाटलं. खरं तर कोंबड्या आपलं टिपत होत्या. पण मी मात्र गप्प झाले होते, आणि मला ओळखणाऱ्याला विचारा, हे किती वेळा होतं. काय हात होता तो! एवढं वाजवून काकूंच्या कपाळावर एक आठी नव्हती.

त्या थांबल्यावर मी पेटीतलं ते पिवळं पान मागून घेतलं आणि पाहिलं. त्या फोटोत काकू उजव्या हातानं वाजवत होत्या. आणि नाकातला खडा उजव्या नाकपुडीत होता. आपल्याकडे बाईचं नाक डावीकडे टोचतात, मी बाई आहे, माझंही तिकडेच टोचलंय. मग मी माझा प्रूफ पाहिला. तिथेही खडा उजव्या नाकपुडीत, आणि समोर बसलेल्या काकूंच्या डाव्या. एवढे नियम पाठ असलेल्या मला समोरच्या बाईचं नाक दिसलं नव्हतं.

"काकू, तुम्ही बोलल्या काहून नाही मघाशी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, आणि चढायला नको होता.

"काय बोलू वं?" काकू म्हणाल्या. "मले वाटलं, कव्हरवर असंच लागत असन. तुमचा नियम असन."

मला रडू आलं. ते तसं मला सहसा येत नाही. काकूंनीच मग चहा ठेवला आणि चहाबरोबर सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. वडील संध्याकाळी माग थांबवून थोरल्या भावाला तबला शिकवायचे. मुलीला कोण शिकवणार? काकू समोर बसायच्या, उलटं घमेलं आणि डब्याचं झाकण घेऊन, आणि समोर जसं दिसलं तसं उचलायच्या. भावाचा उजवा हात त्यांच्या डाव्या हातासमोर, म्हणून त्यांचा डावा हात. आरशात पाहून शिकल्यासारखं. तशातच मुळात डावखुऱ्या, आमच्याकडे म्हणतात तशा डेबऱ्या, त्यामुळे ते हाताला सहज बसलं. वडिलांच्या लक्षात आलं तेव्हा त्या भावाच्या पुढे गेल्या होत्या.

पुढे वडिलांनी नागपुरात एका गुरूंकडे नेलं. त्यांनी ऐकून कौतुक केलं आणि हात बदलायला सांगितला. काकूंनी तीन महिने उजव्या हातानं घासलं, हात सुजला, बोल काही उमटेना. मग गुरू म्हणाले, उलटा तबला माझ्या वर्गात नको. काकू घरी परत आल्या आणि आपल्या हातानं वाजवत राहिल्या. स्टेजवर बसायला गेलं की कोणीतरी येऊन तबला-डग्ग्याची जागा बदलून जायचा, चुकून ठेवलं असेल म्हणून. त्या मुकाट्यानं परत फिरवून घ्यायच्या. कोणाशी वाद घातला नाही. स्मरणिकेवाल्यांनीही फोटो असाच 'सरळ' केला होता, माझ्यासारखाच, चांगल्या मनानं.

"माह्या घरी माहा एकबी फोटो माह्या हाताचा नाही," एवढंच त्या म्हणाल्या, आणि कप उचलून आत घेऊन गेल्या.

मी बसस्टँडवर उभी राहून प्रेसला फोन लावला. प्लेट झाली होती, मुखपृष्ठ सकाळी पहिल्या पाळीत मशीनवर चढणार होतं. मी म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, आता कसं थांबवणार मॅडम. मग मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. स्टँडवरचे दोघे-तिघे आपलं बोलणं सोडून माझ्याकडे पाहायला लागले होते. शेवटी प्रेसवाला म्हणाला, दुपारपर्यंत नवं द्या, नाहीतर नंबर जाईल. माझ्या तिरसट स्वभावाचा आयुष्यात एकदा उपयोग झाला.

सकाळी आधी धंतोलीला गेले. सर पालथेच होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, प्लेट आधी पाठवल्याचंसुद्धा. मी म्हटलं, रागवा ना सर. ते म्हणाले, तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. काकू डावखुऱ्या आहेत असं सांगितलं असतं तर तू तेच मोठं करून ओळीत घातलं असतं. मला वाटलं, तू फोटो पाहशील आणि तुला दिसेल. याच्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुकानात येऊन फोटो परत फिरवला. काकू आता डावीकडे पाहू लागल्या, बांधणीकडे. नियमाप्रमाणे साफ चूक. मी फोटो सरकवला, लहान केला, मोठा केला, काहीच जमेना. घड्याळ पुढे चाललं होतं. मग मी हात बाजूला ठेवले आणि पहिल्यांदा नुसती पाहत बसले, सरांनी स्टॉलवर उभं केलं होतं तशी. काकू डावीकडे पाहत होत्या. आणि डावीकडे काय असतं? कामाच्या ओळी, गठ्ठ्यात दिसणारी ती पट्टी. मी काकूंना थोडं उजवीकडे बसवलं, ठळक ओळ त्यांच्या नजरेच्या टोकाशी नेली, आणि तबला, जो आता पान उघडतं त्या कडेला आला होता, तो अख्खा दिसेल असा खाली मोकळा सोडला. आता पान उघडायला जाणाऱ्याचं बोट नेमकं त्या डाव्या हाताशी येत होतं. पाठ फिरवल्यासारखं काही वाटत नव्हतं. सरांनी शिकवलेल्या नियमांचं मला तेव्हा खरं कौतुक वाटलं. त्यांच्यात काकूंना जागा होती, मलाच ती सापडत नव्हती.

या वेळी रीत मोडली नाही. प्रेसवाल्याला थांबवून ठेवलं, भिवापूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईच्या हातात कागद दिला. दोनच्या सुमारास नातीचा फोन आला. आजी काय म्हणाल्या, मी विचारलं. ती म्हणाली, काही नाही म्हणाल्या, फक्त कागद पेटीत नाही ठेवला, हातातच घेऊन बसल्या आहेत.

प्रकाशनाला छोटं सभागृह होतं, नेहमीची माणसं. सरांना डॉक्टरांनी मान खाली घालून बसायच्या अटीवर तासभर सोडलं होतं. त्यांनी काळ्या चष्म्यातून अंक नाकाला लावून पाहिला आणि म्हणाले, किंमत जरा जास्तच बारीक झाली. मी म्हटलं, शोधली तर सापडते. ते खाली मान घालून हसले. मागे पडद्यावर मुखपृष्ठ मोठं करून लावलं होतं आणि त्याच्यापुढे काकूंसाठी बैठक. या वेळी मध्ये.

बैठकीवर कोणीतरी तबला-डग्गा 'नीट' लावून ठेवला होता. काकूंनी तो सवयीनं फिरवून घेतला. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक जाणकार गृहस्थ, सरांचे जुने वर्गणीदार, अंक हातात घेऊन उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, "बाई, फोटो उलटा छापला तुम्ही." माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं, चांगलं झणझणीत. पण मला तोंड उघडायची वेळच आली नाही.

"उलटा नाही, भाऊ," काकू बैठकीवरून म्हणाल्या. "मीच अशी आहे."

आवाज मोठा नव्हता, पण सभागृहात सगळीकडे गेला. त्या गृहस्थांनी अंकाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि त्यांचं मला आवडलं, की त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि काकूंच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली, हात नीट दिसावा म्हणून. मला पुढे जागा राखून ठेवली होती. मी गेले नाही, मागे भिंतीशी उभी राहिले. तिथून काकू आणि त्यांच्या मागचं मुखपृष्ठ दोन्ही एकदम दिसत होती, आणि दोन्हीकडे तबला एकाच हाताखाली होता.